तीनदा म्हणजेच तीन: फंक्शनच्या रूपातले आकडे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकवताना ‘चर्च आकडे’ हा विषय निघाला की वर्गात दर वेळी तेच प्रश्न येतात, आणि मुलं अडखळतात तीही साधारण त्याच जागी. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. उदाहरणं जावास्क्रिप्टमध्ये आहेत, नावं देवनागरीत. जावास्क्रिप्टला अशी नावं चालतात. ब्राउझरचा कन्सोल उघडा आणि ओळी वरून खाली, क्रमाने चिकटवत जा.

आकडा हा आकडा असतो. तो फंक्शन कसा होईल?

मराठीत यासाठी शब्द तयार आहे: ‘तीनदा’.

‘तीन’ म्हटलं की आपण विचारतो, तीन काय? आंबे, रुपये, पाहुणे? ‘तीनदा’ म्हटलं की प्रश्न बदलतो: तीनदा काय केलं? ‘तीनदा’ला वस्तू नको, कृती हवी. कृती दिली की ती तीन वेळा करून घेणं एवढंच त्याचं काम. चर्च आकडा म्हणजे हा ‘-दा’.

माझी आजी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करायची. शेजारी दोन वाट्या असत, एकीत मोजून ठेवलेले एकवीस गहू. एक आवर्तन झालं की एक दाणा दुसऱ्या वाटीत जायचा. पहिली वाटी रिकामी झाली की आजी डोळे उघडायची. श्रावणात त्याच दाण्यांवर ती रामरक्षाही म्हणायची. दाण्यांना ना अथर्वशीर्ष माहीत होतं ना रामरक्षा. त्यांना फक्त ‘एकवीसदा’ माहीत होतं.

हेच कोडमध्ये:

एकदा = फ => क्ष => फ(क्ष)
दोनदा = फ => क्ष => फ(फ(क्ष))
तीनदा = फ => क्ष => फ(फ(फ(क्ष)))

बाणाच्या डावीकडे फंक्शन काय घेतं ते, उजवीकडे काय परत देतं ते. ‘फ’ ही कृती, ‘क्ष’ ही जिथून सुरुवात करायची ती गोष्ट. ‘तीनदा’ला ‘फ’ द्या, मग ‘क्ष’ द्या, तो ‘क्ष’वर ‘फ’ तीन वेळा चालवून जे उरेल ते हातात ठेवतो. कृती कोणती, सुरुवात कशाची, हे तो विचारत नाही.

मग शून्य?

एकदाही नाही. कृती दिलीत तरी ती करायची नाही, सुरुवातीची गोष्ट होती तशी परत द्यायची:

शून्य = फ => क्ष => क्ष

गंमत अशी की चर्च यांच्या १९३६ च्या निबंधात आकडे एकपासून सुरू होतात. त्यांच्या मूळ पद्धतीत नियम होता की फंक्शनने घेतलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या आत कुठेतरी वापरली गेलीच पाहिजे. वरच्या ‘शून्य’मध्ये ‘फ’ घेतला आहे आणि वापरलेला नाही, म्हणजे त्या नियमात तो बसत नाही. घेतलेली गोष्ट टाकून द्यायची मुभा मिळाल्यावरच शून्य असं सुटसुटीत लिहिता येतं.

हे चर्च कोण, आणि त्यांना हे कशाला सुचलं?

अलोन्झो चर्च (१९०३–१९९५) हे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ, प्रिन्स्टनला शिकवत. १९३२–३३ मध्ये त्यांनी तर्कशास्त्राचा पाया नव्याने रचायचा प्रयत्न केला. त्या रचनेच्या केंद्रस्थानी होतं फंक्शन. १९३५ साली त्यांच्याच दोन विद्यार्थ्यांनी, स्टीफन क्लेनी आणि बार्कली रॉसर यांनी, त्या रचनेत विसंगती निघते हे सिद्ध केलं. तर्कशास्त्राचा भाग कोसळला. फंक्शनचा भाग मात्र शाबूत राहिला, तोच आजचा लॅम्डा कॅलक्युलस.

या कॅलक्युलसमध्ये फंक्शनखेरीज काहीच नाही. आकडे नाहीत, खरं-खोटं नाही, याद्या नाहीत. अंकगणिताबद्दल काही सिद्ध करायचं तर आकडेही फंक्शनमधूनच घडवावे लागणार. १९३६ मध्ये चर्च यांनी याच साधनाने दाखवलं की काही प्रश्न असे आहेत जे कुठल्याही ठरीव पद्धतीने, कितीही वेळ दिला तरी, सुटू शकत नाहीत. त्याच वर्षी ॲलन ट्यूरिंग आपल्या कल्पनेतल्या यंत्राच्या वाटेने त्याच निष्कर्षावर पोहोचले. दोन्ही वाटांनी नेमकी तीच गणितं करता येतात हे ट्यूरिंग यांनी १९३७ मध्ये सिद्ध केलं, आणि १९३८ मध्ये चर्च यांच्याच हाताखाली पीएचडी पूर्ण केली. पुढे १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषा घडवायला घेतली तेव्हा बिननावाच्या फंक्शनसाठी ‘लॅम्डा’ हा शब्द चर्च यांच्याकडूनच उचलला. आज जावा, पायथन, सी प्लस प्लस सगळीकडे तो आहे.

आपण पहिलीपासून आकडे गृहीत धरतो. इथे एका माणसाने ते हातातून सोडून दिले आणि नुसत्या ‘करणं’ या कल्पनेतून परत उभे केले. मला आजही हे वर्गात सांगताना आवाजात जरा जास्तच जोर येतो.

मी ‘बेरीज’ लिहिली, पण उत्तर म्हणून पाच येतच नाही. कोडच परत दिसतो. काय चुकलं?

बहुतेक काहीच चुकलेलं नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एका संध्याकाळच्या बॅचला एक मुलगा तासभर गप्प बसून होता. जवळ गेले तर स्क्रीनवर त्याची बेरीज अचूक होती. खाली उत्तराच्या जागी ‘फ => क्ष => म(फ)(न(फ)(क्ष))’ असं दिसत होतं, म्हणून चूक शोधण्यासाठी त्याने ती चार वेळा पुसून पुन्हा लिहिली होती.

उत्तर आलेलं असतं, फक्त ते ‘पाचदा’ आलेलं असतं, ‘पाच’ नाही. ‘पाचदा’ डोळ्यांनी बघायचा तर त्याला काहीतरी कृती करायला लावावी लागते. सगळ्यात सोपी कृती म्हणजे एक दंड ओढणं:

खुणा = न => न(स => स + "।")("")

आता खुणा(तीनदा) असं लिहा. "।।।" दिसेल. इथे सुरुवात म्हणजे कोरी पाटी, कृती म्हणजे पाटीवर एक दंड वाढवणं.

दंडांऐवजी नेहमीचा आकडा हवा असेल तर कृती म्हणून ‘एक मिळवणं’ आणि सुरुवात म्हणून ‘०’ द्या. मात्र ते १ आणि ० इंग्रजी कळांनी टाइप करा. देवनागरी नावं जावास्क्रिप्टला कळतात, देवनागरी अंक संख्या म्हणून कळत नाहीत.

बेरीज, गुणाकार, घात कसे करायचे?

आधी ‘पुढचा’ बघू. ‘न’दा करून झाल्यावर आणखी एकदा करणं:

पुढचा = न => फ => क्ष => फ(न(फ)(क्ष))

बेरीज म्हणजे आधी ‘न’दा करायचं आणि जिथे पोहोचलो तिथून पुढे ‘म’दा:

बेरीज = म => न => फ => क्ष => म(फ)(न(फ)(क्ष))

गुणाकारासाठी आजीच्या वाटीकडे परत जाऊ. रोज एकवीस आवर्तनं, असे सात दिवस. एका दिवसाची कृती ‘एकवीसदा अथर्वशीर्ष’ आणि ती अख्खी कृती सातदा. आवर्तनं एकशे सत्तेचाळीस झाली, पण बेरीज कुणी केलीच नाही. एका ‘-दा’च्या पोटात दुसरा ‘-दा’ ठेवला, बस.

गुणाकार = म => न => फ => म(न(फ))

‘क्ष’चा इथे उल्लेखसुद्धा नाही, लागतच नाही.

घाताला तर त्याहून कमी लागतं:

घात = म => न => न(म)

हे पाहून वर्ग हमखास थबकतो. समजायला एक कागद घ्या. घडी घातली की थर दुप्पट होतात. दुसऱ्या घडीला चार, तिसऱ्या घडीला आठ. ‘दुप्पट करणं’ हे काम ‘दोनदा’ करतो: त्याला कुठलीही कृती द्या, तो तिची दुप्पट कृती परत देतो. ती दुप्पट तीन वेळा करायची, म्हणजे तीनदा(दोनदा). उत्तर आठ, दोनचा तिसरा घात. उलट करून बघा: दोनदा(तीनदा) म्हणजे तिप्पट दोन वेळा, नऊ. कोणाच्या पुढे कोण, हे इथे फार महत्त्वाचं. अर्ध्या वर्गाचा घात या एका अदलाबदलीने चुकतो.

शून्यावा घातही आपोआप बरोबर येतो. शून्य(म) ‘म’कडे ढुंकूनही बघत नाही आणि ‘आहे तसं परत दे’ एवढंच फंक्शन उरतं. तीच ‘एकदा’ची वागणूक. म्हणजे कुठल्याही आकड्याचा शून्यावा घात एक, हे शाळेत जे ‘असं मानायचं’ म्हणून शिकवलं जातं ते इथे मानावं लागत नाही, कंसांतून बाहेर पडतं.

सगळं इतकं सोपं, मग वजाबाकी का जमत नाही?

कारण ‘करणं’ एकदा होऊन गेलं की परत घेता येत नाही. ‘तीनदा’कडे फक्त पुढे जायची ताकद आहे. कृती उलटी कशी करायची हे त्याला माहीत नाही, आणि प्रत्येक कृती उलटी करता येतेच असंही नाही. मग तीनमधून एक मागे कसं यायचं? खुद्द चर्च यांनाही हे जमेल की नाही याची खात्री नव्हती.

उत्तर क्लेनींना सापडलं, १९३२ मध्ये, तेही दंतवैद्याच्या खोलीत. अक्कलदाढ काढून घेताना ही कल्पना सुचली, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे.

कल्पना अशी: मागे येऊ नका. पुढेच जा, पण दोघं मिळून जा, आणि त्यातला एक कायम एक पाऊल मागे असू द्या.

जिना डोळ्यांसमोर आणा. ताई आणि धाकटा, दोघेही खाली जमिनीवर, शून्याव्या पायरीवर उभे. नियम एकच: दर वेळी धाकट्याने ताई आता आहे त्या पायरीवर यायचं आणि ताईने एक पायरी वर जायचं. पहिल्या वेळी धाकटा जमिनीवरच राहतो, ताई पहिल्या पायरीवर. दुसऱ्या वेळी धाकटा पहिल्या, ताई दुसऱ्या. तिसऱ्या वेळी धाकटा दुसऱ्या, ताई तिसऱ्या. आता ताईला सोडा, धाकटा कुठे आहे ते सांगा. दुसऱ्या पायरीवर. तीन वजा एक.

कोडमध्ये आधी दोघांना एकत्र धरणारी जोडी लागते, तीही फंक्शनचीच:

जोडी = अ => ब => निवड => निवड(अ)(ब)
पहिला = ज => ज(अ => ब => अ)
दुसरा = ज => ज(अ => ब => ब)

सरक = ज => जोडी(दुसरा(ज))(पुढचा(दुसरा(ज)))
मागचा = न => पहिला(न(सरक)(जोडी(शून्य)(शून्य)))

मग वजाबाकी म्हणजे ‘मागचा’ हीच कृती ‘न’दा:

वजा = म => न => न(मागचा)(म)

दोघांची सुरुवात जमिनीवरून आहे, म्हणून शून्याचा ‘मागचा’ शून्यच येतो, आणि दोनातून पाच वजा केले तरी शून्यच. इथे ऋण आकडे नाहीत. ते हवे असतील तर ‘इतके जमा, इतके खर्च’ अशी जोडी करून वेगळे घडवावे लागतात.

‘मागचा’ कागदावर एकदा तरी हाताने सोडवा. मी तो पहिल्यांदा नुसता वाचला तेव्हा समजला असं वाटलं. पेन्सिलीने जोड्या लिहीत खाली गेले तेव्हा कळलं की समजला नव्हता.

‘शून्य’ आणि ‘नाही’ सारखेच दिसतात. गोंधळ होत नाही का?

लॅम्डा कॅलक्युलसमध्ये खरं-खोटंही फंक्शनच असतं. दोन गोष्टी दिल्या तर पहिली निवडणारं ते होय, दुसरी निवडणारं ते नाही:

होय = अ => ब => अ
नाही = अ => ब => ब

‘नाही’ आणि ‘शून्य’ ही अक्षरं बदललेली एकच गोष्ट आहे. अर्थ वापरणाऱ्याच्या मनात असतो. काही जुन्या भाषांतही शून्य म्हणजेच खोटं असतं, तसंच हे. एखादा आकडा शून्य आहे का, हे विचारायचं तर:

शून्यका = न => न(क्ष => नाही)(होय)

सुरुवात ‘होय’पासून. एकदा जरी कृती झाली तरी उत्तर ‘नाही’ होतं. एकदाही झाली नाही तर ‘होय’च राहतं.

इथे एक सापळा आहे. ‘होय’ आणि ‘नाही’ वापरून जर-तर लिहिलंत, तर जावास्क्रिप्ट दोन्ही फांद्या आधी मोजून घेतं आणि मग त्यातली एक निवडतं. फंक्शन स्वतःलाच हाक मारत असेल तर ते कधी थांबतच नाही. अशा वेळी प्रत्येक फांदी एखाद्या रिकाम्या फंक्शनमध्ये गुंडाळून द्या आणि निवड झाल्यावर उघडा. हास्केलसारख्या आळशी मूल्यमापनाच्या, म्हणजे लागेल तेव्हाच मोजणाऱ्या, भाषेत हा त्रास नाही.

दोन आकडे सारखे आहेत का, हे तीन बरोबर चिन्हांनी (===) तपासता येईल?

नाही. जावास्क्रिप्ट फंक्शनची तुलना करताना ‘हेच ते फंक्शन का’ एवढंच बघतं, ‘सारखंच वागतं का’ हे नाही. बेरीज(एकदा)(दोनदा) आणि ‘तीनदा’ त्याच्या लेखी वेगळे. दोन्हीकडून वजाबाकी करा. दोन्ही वेळा शून्य आलं तर आकडे सारखे.

हे फार हळू चालत नाही का?

चालतं. संगणकाच्या आत दहा लाख ही संख्या वीस बिटांत मावते, इथे दहा लाख वेळा कृती होते. खऱ्या हिशेबासाठी कुणीही हे वापरू नये.

पण हळूपणाहून वेगळी एक अडचण आधी आडवी येते: कॉल स्टॅक, म्हणजे अर्धवट राहिलेल्या हाकांची नोंद ठेवायची मर्यादित जागा. ‘शून्य’वर लाखभर वेळा ‘पुढचा’ लावून आकडा बनवलात तर बहुतेक ब्राउझर स्टॅक भरल्याची तक्रार करतील, कारण ‘पुढचा’ आपली एक कृती करण्याआधी आतल्या ‘न’ला हाक मारतो, तो त्याच्या आतल्याला, आणि असं तळापर्यंत. तोच लाख घातातून बनवा, दहाचा पाचवा घात, आणि तो बिनतक्रार चालतो. हाकांची खोली आकडा किती मोठा यावर नाही, तो कसा बांधला यावर ठरते.

‘मागचा’ही महागडा आहे. एक पायरी खाली यायला तो तळापासून सगळा जिना पुन्हा चढतो.

यावर दुसरा काही उपाय नाही का?

आहे. डेना स्कॉट यांच्या नावाने ओळखले जाणारे आकडे. तिथे आकडा कृती पुन्हा पुन्हा करत नाही, आपल्या मागचा आकडा फक्त हातात देतो:

स्कॉटपुढचा = न => फ => क्ष => फ(न)

शून्य तेच. मागचा एका पावलात मिळतो. पण ‘-दा’ गेला. काही पुन्हा पुन्हा करायचं तर पुनरावृत्तीची सोय बाहेरून आणावी लागते. चर्च आकडा हा स्वतःच लूप आहे, स्कॉट आकड्याला लूप लागतो. मी शिकवताना चर्च आधी घेते. तिथे आकड्याचा अर्थ आणि त्याचं काम एकच असतं.

टाइप असलेल्या भाषांत हे बसतं का?

टाइप म्हणजे कुठली गोष्ट कुठल्या प्रकारची, हे आधीच सांगणं. बसतं, पण टाइप पद्धत थोडी ताकदवान हवी. ‘तीनदा’ने कुठल्याही प्रकारच्या कृतीवर चालावं, आणि तरीही तो एकच ‘तीनदा’ असावा, हे सांगता आलं पाहिजे. ज्याँ-इव्ह जिरार यांनी १९७२ मध्ये आणि जॉन रेनॉल्ड्स यांनी १९७४ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशी पद्धत मांडली. तिला सिस्टिम एफ म्हणतात. साध्या हास्केलमध्ये बेरीज आणि गुणाकार सहज बसतात. सगळ्या आकड्यांना एकच टाइप देऊन घात किंवा वजाबाकी लिहायला गेलात की कंपायलर अडवतो आणि वरच्या श्रेणीचे टाइप चालू करावे लागतात.

रोजच्या कामात याचा काही उपयोग?

आकड्यांचा म्हणाल तर नाही. त्यामागच्या विचाराचा भरपूर.

रिड्यूस किंवा फोल्ड तुम्ही वापरत असालच: यादीतली एकेक गोष्ट घे आणि साठलेल्या उत्तरावर कृती कर. चर्च आकडा म्हणजे नेमकं हेच, फक्त यादीत बघण्यासारखं काही नाही, आहे ती फक्त लांबी. याच पद्धतीने यादीही फंक्शन म्हणून लिहिता येते: यादी म्हणजे तिच्यावर करायचा फोल्ड. १९९३ साली गिल, लॉंचबरी आणि पेटन जोन्स यांनी याच कल्पनेवर हास्केलच्या जीएचसी कंपायलरसाठी एक युक्ती मांडली. एकामागून एक याद्या तयार करणाऱ्या कोडमधून मधल्या याद्या कंपायलर स्वतःच गाळून टाकतो. तुम्ही लिहिता नेटकं आणि चालतं झटपट, हे त्या युक्तीमुळे.

घरचा अभ्यास काय करू?

जिन्यावरची युक्ती घ्या आणि ताईच्या हातात मोजणी, धाकट्याच्या हातात गुणाकार द्या. दर पावलाला धाकट्याने आपल्याकडचा आकडा ताईच्या आकड्याने गुणायचा, ताईने एक पुढे जायचं. दोघांची सुरुवात एकपासून. या जोडीत ताई पहिली, धाकटा दुसरा. हे क्रमगुणित झालं, आणि फंक्शनने स्वतःला एकदाही हाक मारलेली नाही:

पाऊल = ज => जोडी(पुढचा(पहिला(ज)))(गुणाकार(पहिला(ज))(दुसरा(ज)))
क्रमगुणित = न => दुसरा(न(पाऊल)(जोडी(एकदा)(एकदा)))

चारदा = पुढचा(तीनदा)
खुणा(क्रमगुणित(चारदा))

कन्सोलवर एका ओळीत दंड दिसतील. मोजा, चोवीस आहेत. मग ‘पाऊल’ बदलून फिबोनाची लिहा. तिथे गुणाकार लागत नाही, बेरीज पुरते.